साठी बुद्धी नाठी

जुनी गाडी घेणे आणि बिजवराला मुलगी देणे यांत फारसा फरक नसतो, असे आमचे अण्णा म्हणतात. पहिल्या संसारात काय काय घडले ते दोन्हीकडे कोणी आपणहून सांगत नाही आणि आपल्याला खोदून विचारता येत नाही. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर पडत जाते. आमच्या व्हॅनमधून पहिली बाहेर पडली ती कढीपत्त्याची वाळलेली डहाळी. मागच्या सीटखालून. पाठोपाठ एक झारा. पहिला मालक लग्नाकार्यातला आचारी होता हे मला असे कळले. अजूनही उन्हात गाडी तापली की आत गोड्या मसाल्याचा वास सुटतो, आणि पोट भरलेले असूनही माणसाला पंगतीत पान मांडल्यासारखे वाटते.

गाडी म्हणजे मारुती ओम्नी. १९८४ साली ती 'मारुती व्हॅन' म्हणून अवतरली, पुढे तिचे ओम्नी झाले. माझी २००४ सालची. मी ती २०१९ साली घेतली आणि त्याच वर्षी कंपनीने ओम्नी बनवणे कायमचे बंद केले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही असे मी सर्वांना सांगत असतो. मेव्हण्याला ते पटत नाही.

हिंदी सिनेमात कोणालाही पळवून न्यायचे असले की हीच गाडी येते, कारण हिचे दार सर्रकन सरकते. आमचे दार सरकवायला दोन माणसे लागतात. आम्ही अपहरणाच्या धंद्यात असतो तर ज्याला पळवायचे त्यालाच "जरा खालून उचलून धरा हो" असे म्हणावे लागले असते. शिवाय इंजिन पुढच्या सीटांच्या खाली. त्यामुळे मे महिन्यात ड्रायव्हरचे आधी बूड तापते आणि मग डोके. पण ते असो. घरची लक्ष्मी आणि दारची गाडी यांच्याबद्दल चारचौघांत किती बोलावे याला मर्यादा आहे.

मी बँकेत क्लार्क आहे. माझी शाखा पैठणला. जायकवाडीचे पाणी पैठणहून आमच्या शहराकडे येते आणि मी शहराकडून पैठणला जातो. वाटेत रोज आमची कुठेतरी गाठ पडत असावी. पूर्वी मी एस.टी.ने जात असे. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो थेट पुढल्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा शाखेतल्या आम्ही चौघांनी माझ्या व्हॅनमधून एकत्र जायचे ठरवले. चौघे म्हणजे मी, असिस्टंट मॅनेजर बाई, आमचे कॅशिअर, ज्यांचे वजन शंभरीच्या आसपास आहे (किलोत), आणि नुकताच लागलेला एक तरुण अधिकारी. हा पोरगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. हल्ली बँकेत इंजिनिअर येतात. माझ्यासारखे बी.कॉम. झालेले लोक मग गाड्या दुरुस्त करत बसतात.

हिशेब अर्थातच माझ्याकडे आला. मी निळ्या पुठ्ठ्याची वही घातली. रोज सकाळी निघताना आणि रात्री परतल्यावर मीटरचे आकडे टिपायचे, वजाबाकी करायची. दर असा ठरला : पेट्रोलचा भाव भागिले गाडीचा ॲव्हरेज, अधिक किलोमीटरला एक रुपया घसारा, आणि आलेल्या रकमेला भागिले चार. घसारा हा शब्द ऐकून बाईंनी भुवया उंचावल्या, पण बी.कॉम.चा माणूस घसाऱ्याशिवाय जगू शकत नाही. रोजचे जाऊन-येऊन १०६ किलोमीटर होत. ॲव्हरेज पंधराचा. हा पंधराचा आकडा मी लग्नाकार्यात, मयताच्या ठिकाणी, मिळेल तिथे सांगत असे. पंधरा-अठरा वर्षांची गाडी आणि पंधराचा ॲव्हरेज! लोक मान डोलवत.

आता अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. एस.टी.त ड्रायव्हर होते. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. ते आयुष्यात कधी कोणाला ओव्हरटेक केल्याची बढाई मारत नाहीत आणि आपल्याला कोणी ओव्हरटेक केले याचे दुःखही करत नाहीत, यावरून त्यांची जातकुळी लक्षात यावी. पण गेल्या काही वर्षांत त्यांचे जरा पुढे-मागे होऊ लागले होते. दूध आणायला जात आणि वर्तमानपत्र घेऊन येत. नातीला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारत. एकदा तर मुकुंदवाडीला उतरायचे ते चिकलठाण्यापर्यंत गेले, विचारले तर म्हणाले, "वर्कशॉपला गेलो होतो." एस.टी.चे मध्यवर्ती वर्कशॉप चिकलठाण्याला आहे हे खरे, पण निवृत्त होऊन वीस वर्षे झालेल्या माणसाचे तिथे काय काम?

आणि एक नवीनच लक्षण दिसू लागले. गाडीत बसले की अण्णा स्वतःशी पुटपुटत. ओठ हलताहेत, आवाज नाही, नजर बाहेर. कोणी बोलले तर हाताने थांबवत. सौ.ने हे आधी हेरले. एका रात्री ती हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, अण्णांना एकदा दाखवून आणू या का? पुटपुटणं वाढलंय."

"वयाप्रमाणे होतं," मी म्हणालो. कठीण प्रसंगी काढायला हे वाक्य मी तयार ठेवलेले आहे.

"माझ्या मामांचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली आणि कूस वळली. मी मात्र बराच वेळ पंख्याकडे बघत होतो. अण्णांचे लायसन्स संपले होते. नव्याने काढायचे म्हणून ते तीनदा माझ्याकडे कागद घेऊन आले होते आणि तीनदा मी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून ते कागद निळ्या वहीत ठेवून दिले होते.

तर फेब्रुवारी २०२३ मधला रविवार. आम्ही शिर्डीला निघालो होतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला होता आणि आमच्या शहरातला प्रत्येक गाडीवाला एकदा तरी त्यावर चक्कर मारून आल्याशिवाय ऑफिसात तोंड दाखवत नव्हता. आम्ही माळीवाड्याला चढलो. दौलताबादचा किल्ला मागे पडला. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी इथे हलवली तेव्हा लोकांना किती चालावे लागले याचा हिशेब कोणी ठेवला नसेल. ठेवला असता तर घसाऱ्यासकट ठेवायला माझ्यासारखा एखादा कारकून त्याने नक्कीच पाळला असता.

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. आमच्या व्हॅनला अशी मुभा देणे म्हणजे कॅशिअरसाहेबांना लांब उडीची मुभा देण्यासारखे आहे. मी आपला काटा साठावर आणला आणि तिथेच धरून ठेवला. साठ ही माझी प्रकृती आहे. मोटारी तर जातच होत्या, पण मालट्रकही आम्हाला ओलांडून जाऊ लागले. एका ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून वाकून आमच्याकडे असे काही प्रेमाने पाहिले की मला वाटले आता हा खाली उतरून धक्का देतो.

अण्णा माझ्या शेजारी. ओठ हलत होते. आरशात मला सौ. दिसली, तिने डोळ्यांनी खूण केली. मी न पाहिल्यासारखे केले.

तेवढ्यात अण्णा बोलले. "किती दाखवतोय रे?"

"साठ."

"नाही."

"काय नाही?"

"ही साठानं चालत नाही. बावन्न. फार तर त्रेपन्न."

"अण्णा, समोर काटा आहे."

"काट्याला कामून विचारतो? गाडीला विचार."

आता मी बँकेतला माणूस. समोर आकडा लिहिलेला असताना तो सोडून हवेला विचारायचे ही गोष्ट माझ्या रक्तात नाही. रात्री एक रुपयाचा फरक आला तरी आम्ही घरी जात नाही. शिवाय मागून मुलगी हसली, पुढून आणखी एक ट्रक गेला, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अण्णा, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही उगाच नाही!"

मला म्हणायचा होता तो साठ काट्यावरचा. कोटी होती. घरात विनोदी लेखक असला की असल्या कोट्या रोज पडतात, घरचे लोक त्या केरासारख्या झाडून टाकतात. पण या कोटीला कोणी हसले नाही. अण्णांचे ओठ हलायचे थांबले. मग शिर्डीपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. बँकेत चुकीची नोंद उलट नोंद करून दुरुस्त करता येते. गाडीत ती सोय नाही.

दर्शन झाले, जेवण झाले. परतताना मी मुद्दाम अण्णांना पुढे बसा म्हणालो. ते मागे बसले, नातीजवळ. माझी धाकटी नववीत होती. तिच्यात एक गुण आहे जो आमच्या घरात दुसऱ्या कोणात नाही : तिला जे कळत नाही ते ती सरळ विचारते.

"आजोबा, तुम्हाला बावन्न कसं कळलं?"

"जाऊ दे."

"सांगा ना."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भीमरूपीनं."

"म्हणजे मारुतिस्तोत्र?"

"हां. माझं भीमरूपी बरोबर दोन मिनिटांत होतं. नोकरीत रोज म्हणायचो ना. साठानं गाडी चालली तर मिनिटाला एक किलोमीटर. म्हणजे एका दगडाला सुरू केलं की पुढचा दगड जाऊन तिसऱ्या दगडाला संपायला पाहिजे. आधी संपलं तर गाडी ढिली, नंतर संपलं तर गाडी दामटली. आज सकाळी फलश्रुती झाली, वर नमस्कार झाला, तरी दगड यायचाच होता. तीनदा म्हणून बघितलं मी."

गाडीत कोणी काही बोलले नाही. मी आरशात पाहिले. सौ. पदराने डोळ्यांचे काहीतरी करत होती. धूळ गेली असावी, असे तिने नंतर सांगितले. काचा बंद होत्या.

पोरीने फोन काढला. त्यातले सेकंद मोजायचे घड्याळ लावले. "बाबा, साठावर ठेवा हं." मी जन्मात इतका सरळ काटा धरला नसेल. एका किलोमीटरच्या पाटीला तिने सुरू केले, पुढच्या पाटीला थांबवले. एकोणसत्तर सेकंद. पुन्हा केले. सत्तर. तिसऱ्यांदा पुन्हा एकोणसत्तर. छत्तीसशेला एकोणसत्तराने भागा असे मी म्हणायच्या आत ती म्हणाली, "बावन्न पॉइंट एक सात." मग तिने उपग्रहावरून वेग दाखवणारे काहीतरी लावले. त्यानेही बावन्नच सांगितले. आकाशातले उपग्रह आणि समर्थ रामदास यांचे एकमत झाल्यावर मी एकटा काट्याच्या बाजूने किती वेळ उभा राहणार?

दुसऱ्या दिवसापासून मी गाडीचा ताळेबंद उघडला.

आमचे मिस्त्री म्हणजे एक ज्येष्ठ उस्ताद. गाडीची तक्रार ऐकताना ते डोळे मिटतात. ऐकून म्हणाले, "काटा आगे भाग रा? अच्छा है ना साब, कम डीझेल में ज्यादा स्पीड!" गाडी पेट्रोलवर चालते हे मी सांगितले. त्यांनी गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत येणारी केबल ओढून काढली. सुकलेली होती. नवी घातली. काट्याला पूर्वी जी कापरी सुटायची ती थांबली, पण साठाचे बावन्न काही हलेनात. काटा आता ठाम आवाजात खोटे बोलू लागला. मग उस्तादांनी माझ्या कानाशी येऊन विचारले, "रीडिंग कम करके दूं? बोलो कितने पे लाऊं?" खातेवहीत खाडाखोड करायला सांगावी तसा मी दचकलो. "नक्को, नक्को," मी म्हणालो. "साब घबरा गये," उस्ताद पोराला म्हणाले.

शेवटी आमच्या तरुण अधिकाऱ्याने पैठणच्या वाटेवर मला मीटरचे शास्त्र समजावले. त्याच्या इंजिनिअरिंगचा बँकेला झालेला हा पहिला उपयोग. स्ट्रासबुर्गच्या ऑटो शुल्झे नावाच्या माणसाने १९०२ साली या यंत्राचे पेटंट घेतले. केबलच्या टोकाला एक लोहचुंबक फिरतो. त्याच्यावर ॲल्युमिनिअमची एक वाटी पालथी घातलेली. दोघांचा स्पर्श होत नाही. पण चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. तिला केसासारखी एक बारीक स्प्रिंग मागे धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबेल तिथे काटा. (सासू, सून आणि मधला नवरा. उदाहरण बाईंनी दिले. त्यांच्या मते नवरा म्हणजे वाटी.) स्प्रिंग म्हातारी होऊन सैल पडली की काटा पुढे धावतो. शिवाय काटा थोडा पुढेच दाखवावा अशी बनवणाऱ्यांची रीतच आहे. बऱ्याच देशांनी मानलेला संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की, काट्याने खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवायचे तर खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक चार किलोमीटर, इथपर्यंत चालेल. म्हणजे बावन्नाला एकसष्टपर्यंत माफी आहे.

"म्हणजे आमची गाडी निर्दोष?" मी विचारले.

"काटा निर्दोष असेल," तो म्हणाला. "पण काका, तुमच्या वहीत रोजचे एकशे सहा कसे येतात? फोन तर शंभरच दाखवतो."

माझ्या पोटात गोळा आला. पोरगा पुढे बोलत होता : किलोमीटरचे आकडे चुंबकावर चालत नाहीत, दातेरी चाकांवर चालतात. दाताला दात लागलेला. तिथे भोवरे नाहीत, स्प्रिंग नाही, माया-ममता नाही. काटा थापा मारू शकतो, आकडे मारू शकत नाहीत. दोन्ही पुढे असतील तर खोट मीटरच्या खाली आहे. गिअरमध्ये नाहीतर चाकात.

संध्याकाळी उस्तादांनी पुढची दोन्ही चाके पाहिली. टायरवर लिहिलेले होते १४५/८० आर १२. "टायर सई है." मग राहिला गिअर. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवावी लागेल, आणि पुढे त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून मला गाडीची मूळ किंमत आठवली. गाडी परवावर ठेवून मी घरी आलो.

रात्री अंगणात बॅटरीचा उजेड दिसला म्हणून बाहेर गेलो तर नात गाडीमागे उकिडवी बसलेली आणि अण्णा काठीवर रेलून उभे. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसत नाही.

"वाच बरं परत."

"एकशे पंचेचाळीस, तिरपी रेघ, सत्तर, आर, बारा."

"आणि पुढच्याला ऐंशी ना?"

"हो."

अण्णा माझ्याकडे वळले. "मिस्त्रीनं पुढची चाकं बघितली असतील."

"हो."

"पुढची चाकं नुसती वळतात. ही गाडी मागच्या चाकांवर चालते. मीटर त्यांच्याच फेऱ्या मोजतं." एवढे बोलून ते आत गेले. त्यांची औषधाची वेळ झाली होती, आणि ती त्यांनाच आधी आठवली होती.

१४५/७० आर १२ हे मारुती ८०० या छोट्या मोटारीच्या टायरचे माप. आचाऱ्याने कधीतरी कोणाच्या तरी आठशेचे उतरवलेले दोन टायर मागे चढवले असणार. रिंग बारा इंचीच, त्यामुळे बसले छान. मी पाटीपेन्सिल घेऊन बसलो. ऐंशीचा आकडा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. त्या हिशेबाने बरोबर टायरचा घेर येतो १६८६ मिलिमीटर, आणि या घुसखोराचा १५९५. फेरीमागे नऊ सेंटिमीटर कमी. गाडीला शंभर किलोमीटर जायला चाकाने जितक्या फेऱ्या घ्यायच्या, त्याहून पाच-सहा टक्के जास्त ते घेत होते, आणि मीटर बिचारे इमानदारीत प्रत्येक फेरी मोजत होते. वर झिजलेल्या टायरची थोडी भर. गाडीची मागची बाजूही दीड सेंटिमीटर खाली बसली होती. चौदा महिने आम्ही त्याचा दोष कॅशिअरना देत होतो. त्यांनी त्या काळात दोनदा भात सोडला होता.

टायर बदलायला हवेतच होते. उस्ताद मागच्या टायरवर थाप मारून म्हणाले, "ये कार का टायर है साब, व्हॅन का नई. चार लोगां और सामान लाद को कब फटता, पता नई चलता." रोज शंभर किलोमीटर, चार संसार त्या दोन टायरांवर. हे ऐकल्यावर मी किंमत न विचारता नवे टायर घेतले. अशी गोष्ट माझ्या हातून त्यापूर्वी एकदाच झाली आहे, ती म्हणजे मुलीच्या जन्माच्या वेळी.

पण खरी झोप उडाली ती निळ्या वहीने. चौदा महिने मी तीन सहकाऱ्यांकडून रोज सहा किलोमीटरांचे जास्तीचे पैसे घेत होतो! बँकेत वीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशाला हात लावला नाही, आणि इथे रोज घरबसल्या अपहार. रात्री दोन वाजता मी उठून वही उघडली आणि परताव्याचा तक्ता करू लागलो. रक्कम हजारांत जाऊ लागली. सौ. उठून आली. "काय झालं?" मी सांगितले. ती म्हणाली, "मग तो तुमचा पंधराचा ॲव्हरेज?"

मी पेन्सिल खाली ठेवली.

पंधराचा ॲव्हरेज याच मीटरवरून काढलेला होता. किलोमीटर सहा टक्के फुगलेले, म्हणजे ॲव्हरेजही फुगलेला. खरा चौदाच्या जरासा वर. ॲव्हरेज फुगला म्हणून किलोमीटरचा दर कमी बसला, आणि त्या कमी दराने जास्त किलोमीटर गुणले. गुणाकार केला की पेट्रोलचा पैसा न् पैसा बरोबर! बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला हे शिकवले होते. भरपाईच्या चुका. एक चूक दुसरीला झाकते, तेरीज जुळते, आणि चूक मात्र आत सुखाने नांदत राहते. परीक्षेत यावर चार मार्कांची टीप येई. वीस वर्षे नोकरीत अशी चूक मला एकदा भेटली नाही, ती शेवटी दारात उभ्या गाडीत भेटली. मला इतका आनंद झाला की मी सौ.ला चार मार्कांची ती टीप तोंडपाठ म्हणून दाखवली. ती झोपली.

राहिला घसारा. तो किलोमीटरला सरसकट एक रुपया, त्यामुळे तिथे मात्र चूक भरून निघत नव्हती. सहा किलोमीटरचे सहा रुपये, माणशी दीड. महिन्याचे बावीस दिवस, चौदा महिने : माणशी ४६२ रुपये. मी तिघांपुढे तक्ता ठेवला. बाईंनी तो बारकाईने तपासून, वर बरोबरची खूण करून रोख रक्कम घेतली. कॅशिअर आणि इंजिनिअर यांनी नान-खलिया खाऊन हिशेब मिटवला. कॅशिअरनी शिवाय मागची बाजू बसल्याबद्दल माझ्याकडून तोंडी माफी घेतली आणि चार नान जास्त.

पंधराचा ॲव्हरेज गेला. लग्नाकार्यात मी आता गाडीचा विषय काढत नाही.

त्याच महिन्याअखेरीस आमच्या शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. गाडीच्या पुस्तकावर जुनेच आहे. आणखी एका रविवारी आम्ही नवे टायर घालून पुन्हा समृद्धीवर चढलो. या खेपेस मीच अण्णांना म्हणालो, "पुढे बसा. मला बघायचंय जुळतंय का." त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले आणि पुढे बसले. किलोमीटरचे आकडे पाट्यांशी तंतोतंत जुळले. काटा साठावर धरला तर पाटी ते पाटी पासष्ट सेकंद, म्हणजे खरे पंचावन्न. टायरचा फरक गेला, स्प्रिंगचा राहिला. उस्ताद म्हणाले होते स्प्रिंगला हात लावला तर वाटीसकट जाईल. तेव्हा हे पाच किलोमीटर मी सस्पेन्स खात्यात टाकले आहेत. बँकेत सापडत नसलेला फरक तिथेच टाकतात, आणि पुढची बदली होईपर्यंत त्याच्याकडे बघत नाहीत.

सावंगीच्या पुढे मुलीला खेळ सुचला. तिने आपला रुमाल काट्यावर टाकला आणि फोन स्वतःच्या हातात उपडा धरला. "आजोबा, आता सांगा."

मी ॲक्सिलरेटर किंचित सोडला, मुद्दाम. अण्णांनी डोळे मिटले. पाटी गेली तसे ओठ हलू लागले. सौ. मागून पुढे वाकली होती. आणखी एक पाटी गेली, आणि स्तोत्र संपायच्या जरा पुढे तिसरी.

"पन्नास."

पोरीने फोन उलटला. "एकोणपन्नास, आजोबा!"

अण्णांनी डोळे उघडले. "त्या फोनची पण एकदा केबल बघून घे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता खिशातून लायसन्सचे कागद काढून त्यांनी डॅशबोर्डवर ठेवले. निळ्या वहीतून ते त्यांनी कधी काढले मला पत्ता नाही.